सहा ऑक्टोबरचा पूल आणि फोटोतून गेलेला जनरल

कैरोत राहायचं म्हणजे सहा ऑक्टोबर ही तारीख दिवसातून चारदा तोंडात येते. नाईल ओलांडायची तर सहा ऑक्टोबर पूल, वीसेक किलोमीटर लांब आणि संध्याकाळी पाचला अख्खा पार्किंग लॉट. गिझाच्या पलीकडे वाळवंटात वसवलेलं शहर, ते सहा ऑक्टोबर शहर. आणि मी २००८ पासून ज्या औद्योगिक गावात सूतगिरणीच्या कामाला जातो त्याचं नाव आशिर मिन रमदान, म्हणजे दहावा रमजान, ती पण तीच तारीख, फक्त हिजरी कॅलेंडरमधली. ६ ऑक्टोबर १९७३ ला इजिप्तचं सैन्य सुएझ कालवा ओलांडून इस्रायलच्या ताब्यातल्या सिनाईत उतरलं, त्याची ही सगळी आठवण. त्या दिवशी सुट्टी असते आणि टीव्हीवर सकाळपासून रणगाडे. आपल्याकडे १६ डिसेंबर, ७१ च्या विजयाचा दिवस, कधी येतो कधी जातो कळत नाही, इथे तसं नाही.

आणि गंमत बघा, हे कालवा ओलांडायचं प्लॅनिंग ज्याने केलं त्या माणसाचं नाव इथे येऊन अडीच वर्षं होईपर्यंत मी ऐकलंच नव्हतं. साद अल-शाझली. १९७३ मध्ये इजिप्तच्या सैन्याचा चीफ ऑफ स्टाफ.

आता एवढ्या वर्षांनी हे का काढलं, तर आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. इचलकरंजी-कोल्हापूर-सांगलीची पोरं, आता सगळी पन्नाशीची, अर्ध्यांना बीपी. विषय होता जनरल नरवण्यांचं आत्मचरित्र. आपल्या पुण्याचे नरवणे, माजी लष्करप्रमुख, त्यांचं पुस्तक २०२४ च्या जानेवारीत येणार होतं, त्यातला अग्निपथबद्दलचा आणि लडाखमधल्या २०२० च्या एका रात्रीबद्दलचा मजकूर आधीच बातम्यांत आला आणि मग ते परवानगीच्या फेऱ्यात अडकलं. त्यावरून ग्रुपवर एकाने लिहिलं की जनरलने निवृत्त झाल्यावर गोल्फ खेळावं, नातवंडं खेळवावीत, पुस्तकं कसली लिहितोय. दुसरा म्हणाला लिहू दे की, आपल्याच पैशाने चालतं सैन्य. तिसऱ्याने लगेच दुसऱ्याला देशद्रोही केलं. मग नेहमीसारखी गुड मॉर्निंगची फुलं आली आणि वाद बुडाला. मला मात्र त्या दिवशी शाझली आठवत राहिला, आणि ग्रुपवर एवढं टाईप करणं शक्य नव्हतं म्हणून इथे लिहितोय.

मी हे नाव पहिल्यांदा ऐकलं ती रात्र १० फेब्रुवारी २०११ ची. क्रांती चालू होती, जानेवारीच्या शेवटी एअर इंडियाच्या खास विमानाने बायको आणि मुलगी मुंबईला पाठवली होती, मी मागे राहिलो कारण गिरणीचं काही सामान बंदरात अडकलेलं आणि कुणीतरी राहायला हवं होतं. पोलीस रस्त्यावरून गायब झाल्यापासून गल्लीगल्लीत लोकांनीच पहारे लावलेले, आमच्या बिल्डिंगखाली पण पत्र्याच्या डब्यात शेकोटी, हातात काठ्या, कुणाकडे तर स्वयंपाकघरातली सुरी. आमच्या पहाऱ्याचे म्होरके तिसऱ्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ. हज करून आलेल्या वडीलधाऱ्या माणसाला इथे मानाने जी हाक मारतात तिच्यातल्या ज चा कैरोवाले ग करतात, आणि मग ती हाक मराठी माणसाच्या तोंडून निघायची सोय राहत नाही, समजून घ्या. म्हणून मी त्यांना अम्मो म्हणतो, म्हणजे काका. तर त्या रात्री सगळे दुकानातल्या टीव्हीसमोर राष्ट्राध्यक्ष मुबारकच्या भाषणाची वाट बघत बसलेले, आज राजीनामा देणार अशी जोरात हवा होती, आणि अम्मो एकटेच शेकोटीपाशी. मी चहा घेऊन गेलो तर म्हणाले, आज शाझली गेला. मी विचारलं कोण शाझली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू शिवाजी कोण विचारलंय, आणि मग स्वतःच म्हणाले, बरोबर आहे, तुला कसं माहीत असणार, माझ्या पोरालाही माहीत नाही.

त्या रात्री मुबारकने भाषण केलं पण राजीनामा दिला नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेला. शाझलीला त्याच शुक्रवारी पुरलं. म्हणजे ज्या माणसाने याला तुरुंगात घातलं त्याची सत्ता संपलेली बघायला याला एक दिवस कमी पडला. असं कुणी कथेत लिहिलं तर आपण म्हणू जरा जास्तच जुळवलंय.

शाझली १९२२ चा, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या शब्रातना नावाच्या गावातला. इजिप्तची पहिली पॅराट्रूपर बटालियन उभी केली ती यानेच, पन्नाशीच्या दशकात. १९६० मध्ये यूएनच्या फौजेत अरब तुकडी घेऊन काँगोत होता, मग लंडनच्या वकिलातीत लष्करी अताशे, म्हणजे सैन्याचा प्रतिनिधी, मग येमेनच्या लढाईत. काँगोतली एक गोष्ट पुढे महागात पडली. तिथे पाहणीला आलेल्या अहमद इस्माईल नावाच्या सीनियर अधिकाऱ्याशी याचं कडाक्याचं भांडण झालं, आणि बारा वर्षांनी राष्ट्राध्यक्ष सादातने नेमकं त्याच इस्माईलला युद्धमंत्री केलं, म्हणजे याचा बॉस. सादातला दोघांचं वाकडं आहे हे माहीत नव्हतं असं कुणी मानत नाही. दोन बैल एकमेकांकडे बघत राहिले की मालकाला निवांत झोप लागते, असा तो हिशोब असावा, हे माझं मत.

पण नाव झालं ते १९६७ मध्ये. सहा दिवसांच्या त्या युद्धात इजिप्तचं विमानदळ जमिनीवरच जळालं आणि सिनाईतून सैन्य बूट टाकून पळालं, अशा वेळी शाझलीकडे दीडेक हजार माणसांची एक मिश्र तुकडी होती आणि वरून संपर्क तुटलेला. हा पठ्ठ्या मागे पळण्याऐवजी पुढे, सरहद्द ओलांडून इस्रायलच्या हद्दीत काही किलोमीटर घुसून दोन खडकाळ टेकड्यांच्या मध्ये लपून बसला, कारण तिथे आपली माणसं असतील असं वरून बघणाऱ्या वैमानिकाच्या डोक्यातच येणार नव्हतं. शेवटी माघारीचा हुकूम पोचला तेव्हा रात्रीत निघून, वर शत्रूची विमानं असताना जवळजवळ २०० किलोमीटर वाळवंट कापून, बहुतेक सगळी माणसं कालव्यापलीकडे परत आणली. बाकी सगळीकडे नामुष्की असताना ही एवढीच सांगण्यासारखी गोष्ट उरली होती. मे १९७१ मध्ये सादातने त्याला चीफ ऑफ स्टाफ केलं ते बऱ्याच सीनियर लोकांच्या डोक्यावरून.

त्याच्या प्लॅनमध्ये मला आवडतो तो हिशेबीपणा. त्याने सरळ मांडलं की आपलं विमानदळ इस्रायलपुढे टिकणार नाही, तेव्हा अख्खं सिनाई घ्यायची भाषा बंद करा. कालव्याच्या पश्चिम काठावरची आपली सॅम, म्हणजे विमानं पाडणारी, क्षेपणास्त्रं जिथवर पोचतात तेवढ्याच छत्रीखाली राहायचं, कालवा ओलांडून दहा-बारा किलोमीटर जायचं, खंदक खणायचे आणि बसायचं. दुसऱ्याला लांबलेलं युद्ध आणि मेलेली माणसं परवडत नाहीत, आपल्याला परवडतात, तेव्हा त्याला आपल्यावर येऊ दे. या प्लॅनला त्यांनी नाव दिलं होतं उंच मिनार. भाषणात टाळ्या घ्यायला अगदी निकामी प्लॅन. दहा किलोमीटर घेऊ अशी घोषणा कोण देतं?

आणि ते पंप. कालव्याच्या पूर्व काठावर इस्रायलने वीस-वीस मीटर उंच वाळूचा बांध घातलेला, मागे बार-लेव्ह लाईनचे, म्हणजे त्यांच्या बचावफळीचे, कोट. कालवा सुमारे २०० मीटर रुंद. पायदळ रबरी होड्यांतून जाऊन दोरीच्या शिड्यांनी चढेल, पण रणगाडा चढणार कसा. स्फोटकं लावून बघितली, बुलडोझरचा हिशोब केला, जमेना. मग एका तरुण इंजिनियर अधिकाऱ्याने सांगितलं की आस्वानच्या धरणावर आम्ही वाळू पाण्याच्या फवाऱ्याने हलवायचो. बाकी झाकी युसुफ त्याचं नाव, आणि तो कॉप्टिक, म्हणजे इथला मूळचा, ख्रिश्चन हेही सांगून ठेवतो, कारण इथल्या फेसबुकवर हे युद्ध कधीकधी फक्त एका धर्माचं करून टाकतात. इंग्लंड आणि जर्मनीतून पंप आणले, बाहेर सांगितलं आग विझवायला. एका खिंडारासाठी साधारण दीड हजार घनमीटर वाळू, पाच पंप, दोन तास. आमच्या गिरणीत कुलिंगच्या पाण्याचा पंप सकाळी चालू होतो तेव्हा मला दर वेळी हे आठवतं, काय करणार, इंजिनियर आहे.

शाझलीच्या स्वतःच्या आकड्यांप्रमाणे पहिल्या अठरा तासांत ९० हजार माणसं आणि ८५० रणगाडे पलीकडे गेले, आणि मेले २८०. त्यांच्याच अंदाजात यापेक्षा कितीतरी जास्त धरले होते. अम्मो या ९० हजारांतले एक, वय २१, तिसऱ्या आर्मीत. त्यांना युद्धाचं काय आठवतं विचारलं तर रोजा सांगतात. सैनिकांना उपास सोडायची परवानगी होती पण त्यांच्या होडीतल्या कुणीच सोडला नाही, आणि पलीकडे चढल्यावर संध्याकाळी एकाने खिशातला खजूर काढला, त्याचे पाच तुकडे केले, वाळू लागलेले. बास, एवढंच.

इथपर्यंतची गोष्ट पुलावर लिहिलेली आहे. पुढची नाही.

त्याच वेळी दुसऱ्या आघाडीवर इस्रायलशी लढणाऱ्या सिरियावरचा दबाव कमी करायला म्हणून सादातने हुकूम दिला की छत्रीबाहेर पडून पुढे चाल करा. शाझलीने विरोध केला, दोन्ही आर्मींच्या कमांडरांनी विरोध केला. हुकूम तो हुकूम. १४ ऑक्टोबरला रणगाडे पुढे गेले आणि एका सकाळीत अडीचशेच्या आसपास खलास झाले. त्यासाठी कालव्याच्या पश्चिमेची राखीव चिलखती ताकद पूर्वेला नेलेली, म्हणजे मागे घर उघडं. १५ च्या रात्री इस्रायली जनरल शॅरनची माणसं दोन इजिप्शियन आर्मींच्या मधल्या फटीतून उलट्या बाजूने कालवा ओलांडून पश्चिमेला आली. इथले लोक त्याला सगरा म्हणतात, खिंडार, आणि अजूनही आवाज खाली करून म्हणतात. शाझली म्हणाला, पूर्वेकडून चार चिलखती ब्रिगेड मागे आणा, चोवीस तासांत हे खिंडार बुजवू. सादात म्हणाला, पूर्वेकडून एक शिपाई मागे येणार नाही, आणि पुन्हा हा विषय काढलास तर कोर्टमार्शल. त्याला राजकीय कारण होतं, पलीकडे गेलेलं सैन्य परत येताना दिसलं असतं तर ६७ ची आठवण झाली असती. सैन्याचा ऑपरेशन्स प्रमुख जनरल गमासी, जो स्वतः उत्तम डोक्याचा माणूस, तो पण या बाबतीत सादातच्या बाजूने होता, तेव्हा शाझली शंभर टक्के बरोबर असं मी घरी बसून म्हणणार नाही. पण परिणाम असा की तिसऱ्या आर्मीचे ४५ हजारांच्या आसपास लोक वेढ्यात अडकले आणि युद्धबंदीनंतर पाणी-औषधंसुद्धा इस्रायली चौकीवरून तपासून, मोजून यायला लागली. अम्मो त्यात होते, जानेवारीपर्यंत. त्याबद्दल ते खजुराएवढंही बोलत नाहीत.

डिसेंबर ७३ मध्ये शाझलीला काढलं. लंडनला राजदूत, मग पोर्तुगालला. सेनापतींचा संसदेत सत्कार झाला त्यात हा नव्हता. तरीही तो गप्प होता, हे लक्षात घ्या. १९७८ मध्ये सादातचं आत्मचरित्र आलं आणि त्यात लिहिलेलं की शाझली आघाडीवरून खचून, हातपाय गाळून परत आला होता, आणि खिंडाराचं खापर त्याच्यावर. त्याच वर्षी शाझलीने कॅम्प डेव्हिडच्या, म्हणजे इस्रायलशी तहाच्या, दिशेवर उघड टीका केली, राजदूतपद गेलं, आणि चौदा वर्षांचा अल्जीरियातला वनवास सुरू झाला. तिथे बसून त्याने आपली बाजू लिहिली, कुठल्या मीटिंगला कोण काय म्हणालं ते तारखांसकट. म्हणजे पुस्तक आधी राष्ट्राध्यक्षाने लिहिलं, जनरलने नंतर. १९८३ मध्ये लष्करी कोर्टाने गैरहजेरीत तीन वर्षं सक्तमजुरी ठोठावली, लष्करी गुपितं फोडली म्हणून. दहा वर्षांपूर्वीच्या युद्धाची गुपितं, जी ज्यांच्यापासून लपवायची ते इस्रायली समोरच उभे होते. मग राहिलं कुणापासून लपवायचं, तर अम्मोंपासून आणि त्यांच्या पोरापासून.

१९९२ मध्ये तो परत आला आणि विमानतळावरच धरला. सत्तरीचा माणूस, दीडेक वर्ष आत.

आणि मग तो फोटो. आमच्या नस्र सिटीच्या जवळच ऑक्टोबर युद्धाचं पॅनोरमा म्युझियम आहे, गोल इमारत, उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेली, १९८९ ची. आत खुर्च्या बसवलेला अख्खा प्लॅटफॉर्म सावकाश फिरतो आणि चारी बाजूंनी चित्रातलं युद्ध. मी २०१० मध्ये मुलीला घेऊन गेलो होतो, ती पाच वर्षांची, तिला फक्त खुर्ची फिरते याचं कौतुक. तिथे वॉर रूमचं चित्र होतं, मधे सादात, बाजूला मुबारक, जो तेव्हा विमानदळाचा प्रमुख. नंतर अम्मोंनी मूळ फोटो दाखवला. त्यांच्या मोबाईलची काच तडकलेली, त्या तड्याच्या एका बाजूला जुना फोटो होता आणि अंगठ्याने सरकवला की दुसरा. तीच खोली, तेच टेबल, मूळ फोटोत सादातशेजारी शाझली उभा आहे आणि दुसऱ्यात तिथे मुबारक. अम्मो दोनतीनदा मागेपुढे सरकवत राहिले, मी काही विचारलं नाही. ज्या राजवटीने २०१० मध्ये सरकारी पेपरात ओबामाच्या मागे चालणाऱ्या मुबारकला फोटोत सगळ्यात पुढे आणून ठेवलं, आणि पकडल्यावर संपादक म्हणाला की फोटो भावार्थाने घ्या, तिला हे काही जड नव्हतं.

आता मला तो शाझली काही देवमाणूस वाटत नाही. सादातने केलेल्या तहामुळे १९८२ च्या एप्रिलपर्यंत सिनाई परत मिळालं, सीमेवरचं ताबा नावाचं गाव तेवढं मागे राहिलं, ते १९८९ ला, आणि तेव्हापासून अम्मोंच्या पोराला किंवा नातवाला इस्रायलशी लढावं लागलेलं नाही. तहाला विरोध करणारा शाझली माझ्या मते चुकीचाच होता, आणि अल्जीरियात बसून अरब ऐक्याची भाषणं करणं सोपं होतं, जसं मला कैरोत बसून नरवण्यांवर लिहिणं सोपं आहे. पण १४ ऑक्टोबरबद्दल तो बरोबर होता आणि तहाबद्दल चूक, हे मी म्हणू शकतो कारण त्याने लिहून ठेवलं आणि ते हाती लागतं. इथल्या शाळेत दोन पिढ्यांनी पहिला हवाई हल्ला पाठ केला, ज्याचा नायक मुबारक, आणि पंपवाला, होडीवाला, छत्रीवाला सगळा हिशोब पुस्तकाबाहेर. जिंकलेलं युद्धसुद्धा कसं जिंकलं ते कळू द्यायचं नाही, ही केवढी कंजुषी.

ग्रुपवर हे थोडक्यात टाकलं तर पहिलं उत्तर आलं, भारताची इजिप्तशी तुलना करतोस होय, तिकडेच रहा. तुलना करतोय पण ती आपल्या बाजूने आहे हे त्याने वाचलंच नाही. आपल्या कोल्हापूरच्या जनरल थोरातांचं उदाहरण घ्या. पूर्व विभागाचे प्रमुख असताना १९५९-६० मध्ये त्यांनी चीन कुठून आणि कसा येईल, आपल्याला किती माणूसबळ लागेल ते मांडलं, मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किल्ला नावाचा सराव करून दाखवला, आणि संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी ते घाबरवणं म्हणून बाजूला सारलं. १९६२ ला काय झालं ते माहीत आहे. पण थोरातांना कुणी तुरुंगात टाकलं नाही. युद्धानंतर नेहरूंनी बोलावून घेतलं, पुढे ते राज्य लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले, आत्मचरित्र लिहिलं, कोल्हापुरात राहिले. आपली उंची तेवढी आहे, होती. त्याच वेळी ६२ च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल सरकारने साठ वर्षं उलटून गेली तरी अधिकृतपणे खुला केलेला नाही, कुठल्याच पक्षाच्या सरकारने नाही, हेही आपणच. आणि २०२१ मध्ये गुप्तचर आणि सुरक्षा संस्थांतल्या निवृत्तांनी परवानगीशिवाय लिहायचं नाही असा पेन्शनचा नियम आला. तो सैन्याला लागू नसला तरी वारा कुठला आहे ते कळतं.

ग्रुपवरच्या माझ्या मित्राचं एक म्हणणं मला मान्य आहे. कालपरवाच्या घटना, अजून तैनात असलेल्या तुकड्या, चालू वाटाघाटी, यावर कात्री लागलीच पाहिजे, आणि पुस्तक खपवायला जनरलने शेजाऱ्याला नकाशा देऊ नये. पण त्या कात्रीला मुदत हवी आणि कापलं ते का कापलं हे सांगायची कुणावर तरी जबाबदारी हवी. नाहीतर होतं असं की फाईल टेबलावर पडून राहते, नाही कुणी म्हणत नाही, हो कुणी म्हणत नाही. इजिप्तमध्ये निदान कोर्टाने तीन वर्षं असा आकडा तरी सांगितला होता.

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये क्रांतीनंतर निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांनी शाझलीला मरणोत्तर नाईल पदक दिलं, सादातलाही दिलं, एकाच वेळी. मी अम्मोंना अभिनंदन म्हणालो तर म्हणाले, खुर्चीवर आज हा आहे म्हणून. नऊ महिन्यांनी मोर्सीच खुर्चीवर नव्हते.

हे लिहायच्या आधी मी अम्मोंना विचारलं, तुमच्याबद्दल लिहू का, मराठीत आहे, इथे कुणी वाचणार नाही. आता ते चौऱ्याहत्तरचे, जिना चढताना दर मजल्यावर थांबतात. म्हणाले, शाझलीचं लिही, सगळं लिही, माझं नाव नको. मग दोन पायऱ्या चढून वळले आणि म्हणाले, बिल्डिंगचा नंबरपण नको.